साठा दोन दिवसांचा, वारा पडतो आठवडा-आठवडा : एल हिएरो बेटाचे वीजनियोजन

स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी द्वीपसमूहाच्या पार नैऋत्य टोकाला एल हिएरो नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. क्षेत्रफळ २६८ चौरस किलोमीटर, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. भोवतालचा समुद्र खोल असल्यामुळे शेजारच्या बेटाकडून विजेची केबल आलेली नाही. लागेल ती वीज तिथल्या तिथे तयार करायची, नाहीतर अंधारात बसायचे, असा मामला.

विजेचे नियोजन शिकायला हे बेट मला फार सोयीचे वाटते. मोठ्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या जाळ्यात, नियोजनाच्या चुका झाकल्या जातात. आपल्याकडे कमी पडले तर शेजारचे राज्य देते, पॉवर एक्स्चेंजवरून, म्हणजे विजेच्या बाजारातून, महागाची का होईना वीज मिळते. एल हिएरोला ती मुभाच नाही. शिवाय यंत्रे मोजकी आहेत, त्यामुळे सगळा हिशेब कागदाच्या एका पानावर मावतो.

अनेक दशके हे बेट यानोस ब्लांकोस इथल्या डिझेल केंद्रावर चालले. डिझेल जहाजाने यायचे. खर्च भरमसाट, पण स्पेनमध्ये बेटावरच्या ग्राहकाला मुख्य भूमीवरच्या ग्राहकाइतकाच दर लागतो आणि वरचा बोजा सगळ्या देशावर वाटला जातो. म्हणजे महाग विजेचा चटका बेटावरच्या माणसाला थेट बसत नव्हता. तरीही काबिल्दोने, म्हणजे बेटाच्या निवडून आलेल्या परिषदेने, पुढाकार घेतला. गोरोना देल व्हिएंतो ही कंपनी निघाली. तिच्यात काबिल्दोचा वाटा निम्म्याहून जास्त, आणि डिझेल केंद्र ज्यांचे त्या एन्देसा ह्या वीज कंपनीचाही हिस्सा. सुमारे आठ कोटी युरो खर्चून उभारलेल्या प्रकल्पाचे जून २०१४ मध्ये उद्घाटन झाले आणि वर्षभराने तो व्यापारी तत्त्वावर चालू लागला. शंभर टक्के स्वच्छ विजेवर चालणारे बेट म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा झाला. दोन वर्षांत सूर पालटला आणि तीच मंडळी प्रकल्प फसला म्हणू लागली. माझ्या मते दोन्ही वेळा मोजपट्टी चुकली होती.

आराखडा

पाच पवनचक्क्या, प्रत्येकी २.३ मेगावॉटची, मिळून ११.५ मेगावॉट. वरच्या अंगाला ला काल्देरा नावाच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात, आतून प्लास्टिकचे अस्तर लावून केलेला जलाशय, क्षमता ३,८०,००० घनमीटर. खाली समुद्राजवळ दुसरा जलाशय, १,५०,००० घनमीटर. दोन्हींमध्ये सुमारे ६५५ मीटरची उंची. पाणी खाली येताना चार पेल्टन टर्बाइन फिरवते, त्यांची क्षमता ११.३ मेगावॉट. वर चढवायला सहा मेगावॉटचे पंप. पाणी गोडे आहे, पण बेटावर नदी नाही. समुद्राच्या पाण्याचा खारेपणा काढून जलाशय भरलेले आहेत.

बेटाची सरासरी मागणी पाच मेगावॉटच्या आसपास, कमाल साडेसातच्या आतबाहेर. पाच बेटासाठी आणि सहा पंपांसाठी, झाले अकरा. पवनचक्क्या साडेअकराच्या. वारा जोरात असला की बेटही चालेल आणि पाणीही चढेल, वारा पडला की टर्बाइन एकटे सगळे बेट पेलतील. आकडे कसे जमवून आणले आहेत ते पाहा. आराखडा करणाऱ्यांनी मेगावॉटचा हिशेब चोख केला होता.

वर्षाचा हिशेबही कागदावर जमतो. पाच मेगावॉटची सरासरी मागणी म्हणजे वर्षाला ४ कोटी ३८ लाख युनिट. कॅनरी बेटांवर व्यापारी वारे चांगले वाहतात, म्हणून पवनचक्क्या सरासरी ४५ टक्के क्षमतेने चालतील असे धरले, तर त्या वर्षाला ४ कोटी ५३ लाख युनिट देतात. मागणीपेक्षा थोडे जास्तच. एवढ्यावर थांबले तर डिझेल केंद्राला कुलूप लावायला हरकत नाही असेच कुणालाही वाटेल.

खालचा जलाशय

ह्या प्रकल्पाबद्दल बोलताना बहुतेक जण वरच्या जलाशयाचा आकडा सांगतात. तो मोठा आहे, ज्वालामुखीच्या मुखात आहे, फोटोत छान दिसतो. पण एका फेऱ्यात वरून किती पाणी सोडता येईल हे ठरवतो खालचा जलाशय. तो १,५०,००० घनमीटरला भरला की खेळ थांबतो. वर आणखी सव्वादोन लाख घनमीटरच्या वर पाणी असले तरी ते सोडायचे कुठे? खालचे समुद्रात सोडून देता येईल, पण ते पैसे मोजून गोडे केलेले पाणी आहे, आणि सोडले तर पुढच्या वाऱ्यात वर चढवायला काय उरणार?

एक घनमीटर पाणी ६५५ मीटर खाली आले की सिद्धांताने सुमारे १.७८ युनिट ऊर्जा देते. दीड लाख घनमीटरची झाली २,६८,००० युनिट. टर्बाइन आणि जनित्रातली तूट वजा केली की २,४०,००० युनिट उरतात. बेट तासाला पाच हजार युनिट खाते. म्हणजे अठ्ठेचाळीस तास.

साठ्याचा हा खरा आकार : दोन दिवस. भरण्याचे गणितही तसेच. सहा मेगावॉटचे पंप पूर्ण जोराने चालले तर तासाला २,७०० घनमीटरच्या आसपास पाणी चढते, म्हणजे सगळे वर न्यायला पंचावन्न तास, तेही सलग भरपूर वारा असेल तर. दोन दिवसांत रिकामे, सव्वादोन दिवसांत पुन्हा भरलेले.

आता वाऱ्याकडे पाहू. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, व्यापारी वारे दिवसरात्र वाहतात आणि बेट खरोखरच डिझेलशिवाय चालते. १३ जुलै ते ७ ऑगस्ट २०१९ ह्या काळात सलग चोवीस दिवसांहून अधिक डिझेलचे एकही जनित्र चालवावे लागले नाही. २०१८ च्या जानेवारी-फेब्रुवारीतही असे अठरा दिवस सलग मिळाले होते. पण शरदात आणि हिवाळ्यात ह्या वाऱ्यांची घडी विस्कटते, वारा पडतो आणि आठवडा-आठवडा उठत नाही. तिथे दोन दिवसांची कणगी किती पुरणार? तिसऱ्या दिवशी सकाळी डिझेल सुरू.

वर्षाचा निकाल त्यामुळे शंभरच्या जवळपासही गेला नाही. २०१८ मध्ये बेटाच्या विजेत वारा आणि पाण्याचा वाटा ५६ टक्के होता, २०१९ मध्ये ५४, आणि २०२० मध्ये घसरून ४२ च्या आसपास. यंत्रे तीच आणि बेटही तेच असताना दोन वर्षांत चौदा टक्क्यांचा फरक पडला. एका वर्षाची वाऱ्याची नोंद घेऊन आराखडा करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लावावा.

वीजनियोजनात अनिश्चितता म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर उद्याचा अंदाज चुकणे येते. ती अनिश्चितता तासांची असते आणि तिच्यावर उपाय आहेत. दुसरी आठवड्यांची असते : वारा पडला हे दिसते, पण कधी उठेल ते कळत नाही. तिसरी वर्षांची असते, ती तर नोंदवही उलटून पाहिल्याशिवाय दिसतच नाही. एल हिएरोचा साठा पहिलीसाठी उत्तम आहे, दुसरीसाठी अपुरा आहे आणि तिसरीपुढे काहीच नाही. सरासरीच्या एका आकड्यात ह्या तिन्ही विरघळून जातात. म्हणून तासागणिक नोंद घेऊन, अनेक वर्षांच्या वाऱ्यावर, जलाशयातली पातळी तासातासाने चढवत-उतरवत हिशेब मांडावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण त्यात सगळ्यात लांब पडलेला वारा किती दिवसांचा होता हे समोर येते, आणि आराखडा त्या दिवसांवर ठरतो.

मग जलाशय मोठा का केला नाही?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आकड्यात आहे. समजा दहा दिवस वारा पडला तरी डिझेल लावायचे नाही असे ठरवले. दहा दिवसांची मागणी १२ लाख युनिट. त्यासाठी खाली-वर मिळून फिरणारे पाणी लागेल साडेसात लाख घनमीटर, म्हणजे खालचा जलाशय आजच्या पाचपट आणि वरचा दुप्पट. डोंगराळ, सच्छिद्र ज्वालामुखी खडकाच्या बेटावर अशी सपाट जागा शोधणे हेच मोठे काम. समजा तीही मिळाली. साठ्याचा पहिला भाग, म्हणजे रोजच्या चढउतारात वापरला जाणारा, वर्षाला शंभर-दीडशे वेळा भरतो आणि रिकामा होतो. वाढवलेला शेवटचा भाग मात्र दहा दिवस वारा पडेल तेव्हाच कामाला येणार, वर्षात फार तर दोन-तीनदा. बांधकामाचा खर्च दोन्ही भागांना सारखाच. मग शेवटच्या भागातल्या एका युनिटमागे पडणारा खर्च पहिल्या भागाच्या पन्नासपट झाला तर नवल नाही.

तेच १२ लाख युनिट डिझेलवर काढायचे तर सुमारे तीन लाख लिटर पुरते. धूर होतो, पैसे जातात, मान्य. पण त्यासाठी लागणारी जनित्रे आधीच उभी आहेत, त्यांच्यावर नवा खर्च नाही. दुर्मीळ प्रसंगासाठी उभारणीला स्वस्त आणि चालवायला महाग यंत्र ठेवावे, रोजच्या प्रसंगासाठी उलटे. हे सूत्र वीजनियोजनात जुनेच आहे, पण शंभर टक्क्यांची घोषणा ऐकताना ते विसरायला होते.

आणखी एक गोम आहे, ती मी वर मुद्दाम मागे ठेवली. साठा अमर्याद असता तरी वर्षाचा हिशेब जमत नव्हता. पाणी चढवून पुन्हा उतरवताना चांगल्या प्रकल्पातही शंभर युनिटमागे वीस-पंचवीस युनिट जातात, इथे त्याहून थोडे अधिकच. मागणीतली चाळीस टक्के वीज साठ्यातून द्यायची ठरली तर एवढ्या तुटीपायीच साठ-सत्तर लाख युनिट जास्त तयार करावे लागतील. वाऱ्याचे शिल्लक होते पंधरा लाख.

संध्याकाळचा एक तास

नियोजन एकीकडे आणि रोजचे चालवणे दुसरीकडे. चालवणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिले तर आणखी काही दिसते.

समजा संध्याकाळचे सहा वाजले आहेत. बेटाची मागणी सहा मेगावॉट आणि वाढती. वारा आठ मेगावॉट देतो आहे, दोन मेगावॉटचे पंप चालू आहेत. वरवर सगळे छान. पण पाचपैकी एक पवनचक्की ट्रिप झाली, म्हणजे बिघाडाने आपोआप बंद पडली, तर तिच्याबरोबर दीड-दोन मेगावॉट एका क्षणात जातात, म्हणजे बेटाच्या भाराचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये ह्याच्याशी तुलना करावी असा एकही संच नाही. विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी तिची पन्नास आवर्तने, धाडकन खाली येईल आणि ती सावरायला जड, फिरते काहीतरी तयार हवे. पवनचक्क्या इलेक्ट्रॉनिक्समधून ग्रिडला जोडलेल्या असतात, त्यांच्या पात्यांचे वजन अशा वेळी आपोआप मदतीला येत नाही.

म्हणून इथले चालक एक विचित्र वाटणारी गोष्ट करतात. वरून टर्बाइनमधून पाणी सोडतात आणि त्याच वेळी पंपांनी पाणी वर चढवतात. दोन्ही वाटांचे पाइप वेगळे असल्यामुळे हे शक्य होते. पाहणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल : आणलेले पाणी पुन्हा न्यायचे आणि वाटेत वीज वाया घालवायची. पण फिरते पेल्टन टर्बाइन ग्रिडला वजन देतात, आणि काही पंपांचा वेग बदलता येतो, त्यामुळे वाऱ्याचा झोका आला की पंप जास्त ओढतात, ओसरला की कमी. पवनचक्की ट्रिप झालीच तर पंप बंद करून तेवढा भार तत्काळ उतरवता येतो. विजेची तूट ही स्थैर्याची किंमत आहे, आणि माझ्या मते ह्या प्रकल्पाचे सगळ्यात मोठे यश ह्या नियंत्रण कक्षात आहे. पाच यंत्रांच्या वाऱ्यावर एक अख्खे बेट चोवीस दिवस सलग चालवणे हे जलाशयाच्या आकारामुळे जमले नाही, ह्या सेकंदासेकंदाच्या सांभाळण्यामुळे जमले. सुरुवातीच्या महिन्यांत बेटांच्या ग्रिडचा चालक असलेली रेड एलेक्ट्रिका वाऱ्याला फार मोकळीक देत नव्हती. अनुभव आला तसा हात सैल झाला.

आता त्याच संध्याकाळी वरचे पाणी निम्म्यावर आहे, म्हणजे चोवीस तासांचे. हवामानाचा अंदाज सांगतो की मध्यरात्री वारा पडेल आणि परवा सकाळी उठेल, पण परवाबद्दल अंदाजाचीच खात्री नाही. पाणी आज वापरायचे की डिझेल आजच लावून पाणी राखायचे? पाणी वापरले आणि वारा परवा उठला, तर डिझेल वाचले. पाणी वापरले आणि वारा उठला नाही, तर उद्या रात्री हाती पाणीही नाही आणि फ्रिक्वेन्सी सांभाळणारे टर्बाइनही नाहीत. दुसऱ्या चुकीची किंमत पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी, म्हणून शहाणा चालक जलाशयाचा तळचा भाग सहसा वापरत नाही. तो राखीव असतो. म्हणजे कागदावरचे अठ्ठेचाळीस तास प्रत्यक्षात आणखी कमी होतात. आराखड्यात हा भाग आधीच वजा करायला हवा.

घाटघरशी ताडून पाहता

पाणी वर चढवून राखायचे आणि लागेल तेव्हा सोडून वीज करायची, ही उदंचन जलविद्युत महाराष्ट्राला नवी नाही. अकोले तालुक्यातला घाटघर प्रकल्प २५० मेगावॉटचा, २००८ पासून चालू. वरचे धरण सह्याद्रीच्या माथ्यावर, खालचे शहापूर तालुक्यात चोंढ्याला. त्याची आखणी कोळशाच्या ग्रिडसाठी झाली होती. रात्री मागणी उतरली की उरलेल्या विजेवर पाणी चढवायचे आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत सोडायचे. रोजचा ठरलेला फेरा. तिथे काही तासांचा साठा पुरेसा होता, कारण रात्र रोज येते.

सौर विजेचेही तसेच. सूर्य मावळतो तसा बारा-तेरा तासांनी उगवतोही. त्यामुळे सौर वाढली की पाणी चढवायची वेळ रात्रीवरून दुपारवर सरकते, पण साठा तासांतच मोजता येतो. सह्याद्रीत उदंचनाचे जे नवे प्रकल्प आखले गेले आहेत, टाटा पॉवरचे भिवपुरी आणि शिरवटा त्यांतलेच, त्यांची सांगड ह्या रोजच्या फेऱ्याशी लागते. वाऱ्यासाठी तोच साठा धरला तर एल हिएरोची गत. एल हिएरोच्या आराखड्यात मला सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच : सगळी भिस्त एकट्या वाऱ्यावर. बेट २७.७ अक्षांशावर आहे, म्हणजे जवळपास दिल्लीच्या रेषेत. हिवाळ्यात वारा पडतो तेव्हाही तिथे ऊन असते. पाच-सहा मेगावॉटची सौर जोडली असती तर पडलेल्या वाऱ्याच्या दिवसांत पाणी दोनाऐवजी अडीच दिवसांच्या आसपास पुरले असते, जलाशय न वाढवता.

महाराष्ट्रात पवन आणि सौर एकमेकांना चांगली साथ देतात. साताऱ्याच्या पठारांवर वारा जोर धरतो तो पावसाळ्यात, नेमका ढगांमुळे सौर उतरते तेव्हा. पण ह्या जोडीवर डोळे झाकून विसंबू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पडला, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पावसाने दडी मारली की शेतीपंप एकदम सुरू होतात, उकाड्याने शहरांतली मागणी चढते आणि धरणातले पाणी विजेसाठी सोडायला हात आखडतो. मागणी वाढणे आणि जलविद्युत घटणे ही दोन वेगळी संकटे नसतात, एकाच न पडलेल्या पावसाची ती दोन तोंडे असतात. नियोजनात त्यांना स्वतंत्र धरून दोन्हींच्या शक्यतांचा गुणाकार केला की धोका होता त्यापेक्षा फार लहान दिसतो.

भाराच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. एल हिएरोवर समुद्राचे पाणी गोडे करणारी संयंत्रे विजेची मोठी गिऱ्हाइके आहेत. टाकीत पाणी साठवता येते, म्हणजे वारा असेल तेव्हा ती जोरात चालवता येतात आणि नसेल तेव्हा मंद. जलाशय न बांधता मिळालेला हा साठाच आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या वाहिन्या, दिवसा सौर विजेवर आणण्याचा जो प्रयत्न चालू आहे त्याचे मूळ गणित हेच : शेतकऱ्याची रात्रपाळी टळते हे आहेच, शिवाय राज्याचा एक मोठा भार सूर्याच्या वेळेला बांधला जातो आणि तेवढी वीज साठवावी लागत नाही.

कॅनरी बेटांवर पुढचा मोठा उदंचन प्रकल्प ग्रान कनारियावर उभा राहतो आहे, चिरा आणि सोरिया ह्या दोन धरणांच्या मध्ये. क्षमता २०० मेगावॉट, साठा ३,५०० मेगावॉट-तास, म्हणजे पूर्ण जोराने साडेसतरा तास. ह्या वेळी मालक वीज विकणारी कंपनी नाही, ग्रिडचा चालक रेड एलेक्ट्रिका आहे. स्पेनच्या २०१३ च्या कायद्याने बेटांवरचा असा साठा व्यवस्थेच्या सुरक्षिततेसाठी चालकाच्या हाती दिला. पाणी केव्हा सोडायचे आणि केव्हा राखायचे, हा संध्याकाळी सहाचा निर्णय तिथे ज्याच्या अंगावर फ्रिक्वेन्सीची जबाबदारी आहे तोच घेणार.